पहिल्या कादंबरीचे वेष्टन : रायपूरच्या बाजूने एक टिपण

कादंबरीचा इतिहास लिहिताना मुखपृष्ठाचा विचार सहसा होत नाही. ग्रंथसूचीत लेखक, प्रकाशक, साल आणि पृष्ठसंख्या यांची नोंद असते. मुखपृष्ठकाराचे नाव क्वचितच असते, आणि ग्रंथालयातील पुनर्बांधणीत मूळ वेष्टनही बहुधा नाहीसे होते. प्रस्थापित लेखकाच्या बाबतीत हे चालून जाते, कारण त्याचे नावच वेष्टनाचे काम करते. पहिली कादंबरी घेऊन येणाऱ्याला ही सोय नसते. त्याचे नाव वाचकाला काही सांगत नाही, म्हणून शीर्षक आणि वेष्टन यांनाच बोलावे लागते. हे बोलणे कोणाचे असते, लेखकाचे की प्रकाशकाचे, हा प्रस्तुत टिपणाचा प्रश्न आहे.

मराठीत या प्रश्नाचा आरंभ शीर्षकपृष्ठापासून होतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857) ही मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी मानली जाते. तिच्या जोडशीर्षकाचा उत्तरार्ध ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असा आहे. ‘कादंबरी’ या वाङ्मयप्रकाराची सवय नसलेल्या वाचकासमोर लेखकाने दोन दारे उघडी ठेवली. एका दारावर नायिकेचे नाव आणि प्रवासाचे आमिष आहे, दुसऱ्यावर निबंधाचे गांभीर्य. आजच्या मलपृष्ठावरील मजकूर जे काम करतो ते येथे ‘अथवा’ या एका अव्ययाने केले आहे. लेखकाचा हात इथे स्पष्ट दिसतो. चित्रकार अजून आलेला नाही.

विभावरी शिरूरकर यांच्या बाबतीत वेष्टनाचा अर्थ बदलला. ‘कळ्यांचे निःश्वास’ (1933) हा कथासंग्रह आणि ‘हिंदोळ्यावर’ (1934) ही पहिली कादंबरी या दोन्ही पुस्तकांवर जे नाव होते ते टोपणनाव होते; खरी लेखिका, बाळूताई खरे म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्यामागे सुरक्षित राहिली. स्त्रीच्या लैंगिक कोंडीविषयी लिहिणारी ही कोण, याचा शोध तेव्हा मोठ्या त्वेषाने घेतला गेला. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्याने पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व ठिकाणे छापणे बंधनकारक केले होते, लेखकाचे नाव मात्र नव्हे. लेखिका मुखपृष्ठावरून अदृश्य होऊ शकत होती, प्रकाशक ह. वि. मोटे यांना तशी मुभा नव्हती. रोषाला समोर दिसणारे खरे नाव त्यांचेच होते. पहिल्या पुस्तकाच्या धाडसात प्रकाशकाचा वाटा किती असतो, हे यावरून कळते.

आता रायपूरकडे वळू. या शहराचा मराठीशी संबंध भोसल्यांच्या अमलापासूनचा आहे, पण ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने 1900 हे साल महत्त्वाचे. माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे या तीन मराठी नावांच्या मंडळींनी त्या वर्षी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते पेंड्रा येथून निघत असे. (रायपुरातील पंडरी निराळी, नामसादृश्यामुळे गल्लत होऊ नये.) पुढे 1958 मध्ये गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावच्या महाविद्यालयात आले. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी-कादंबरीकार, आणि स्वतः मात्र हिंदीचे कवी. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ 1964 मध्ये निघाला. त्याच वर्षी 11 सप्टेंबरला ते गेले होते. आपल्या संग्रहाचे मुखपृष्ठ या कवीने पाहिलेच नाही.

राजनांदगावातच ज्यांच्या आरंभीच्या कवितांना मुक्तिबोधांनी वाट दाखवली ते विनोदकुमार शुक्ल. पुढे रायपूरच्या कृषी महाविद्यालयात अध्यापन करीत असता, मुक्तिबोधांच्याच नावाची शिष्यवृत्ती मिळून त्यांनी पहिली कादंबरी लिहिली : ‘नौकर की कमीज़’. ती 1979 मध्ये हापूडच्या संभावना प्रकाशनाने काढली. शीर्षकातच वस्त्र आहे. साहेबांनी आदर्श नोकराच्या मापाचा सदरा आधी शिवून ठेवला आहे. त्यात बसेल असा माणूस नंतर शोधायचा. कारकून संतूबाबूंच्या अंगाला तो बसतो, आणि मापात बसणे हाच त्यांचा अपराध ठरतो.

या कादंबरीला वेष्टन करणाऱ्या कोणत्याही चित्रकारापुढे निवड येते. सदरा माणसाच्या अंगावर दाखवला, तर ती संतूबाबूंची करुण कहाणी होते. सदरा रिकामा, दोरीवर किंवा खुंटीवर दाखवला, तर ती व्यवस्थेची गोष्ट होते, कारण तिथे माणूस बदलता येतो, माप बदलत नाही. माझ्या मते दुसरा पर्याय संहितेला अधिक इमानी आहे. पंडरीचा कापडबाजार ज्याने पाहिला आहे, त्याला ठोक भावाने उलगडल्या जाणाऱ्या ताग्यांमध्ये हाच विचार सुचेल : कापडाला अंग ठाऊक नसते. प्रकाशनव्यवसायातही तयार सदरे असतातच. मालिकेचा ठरलेला साचा, ठरलेला रंग, बोधचिन्हाची ठरलेली जागा. नवा लेखक त्यात बसवला जातो. ठशांच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे, तेव्हा यामागे खर्चाचे कारणही खरे होते.

हा साचा नाकारण्याचा मार्ग एका मराठी कवीने त्याच दशकात दाखवला. अरुण कोलटकर व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील संकल्पनकार. 1976 मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांच्यासह त्यांनी ‘क्लिअरिंग हाउस’ उभारले. ‘जेजुरी’सह पहिल्या चारही पुस्तकांची मुखपृष्ठे कोलटकरांचीच होती. कवीच प्रकाशक आणि कवीच मुखपृष्ठकार झाल्यावर माप घेणारा परका उरत नाही. अर्थात हे कवितेच्या मोजक्या प्रतींना आणि मुंबईला परवडले. हापूडला हस्तलिखित पाठवणाऱ्या रायपूरच्या अध्यापकाला ही वाट मोकळी नव्हती.

शुक्लांच्या पुस्तकांची पुढची हकिकत याच प्रश्नाची पुरवणी आहे. 2022 मध्ये त्यांनी मानधनाचा अपुरा हिशेब आणि करारांची जखडण यांविषयी जाहीर तक्रार केली. स्वतःच्या पुस्तकांवर स्वतःचा अधिकार नाही, ही ती वेदना होती. त्यानंतर ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही त्यांची 1999 च्या साहित्य अकादेमी पुरस्काराची कादंबरी हिंद युग्मकडून नव्या रूपात आली आणि पूर्वी कधी न पोहोचलेल्या वाचकांपर्यंत गेली. सप्टेंबर 2025 मध्ये रायपुरातच त्यांना तिच्या मानधनाचा 30 लाख रुपयांचा धनादेश देण्यात आला. ज्ञानपीठ त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर झाले होते. डिसेंबरमध्ये ते गेले.