इंजिन बंद पडते तेव्हा

२६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादजवळ विमान कोसळले, तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. पाळी सुटेपर्यंत बाहेरच्या टपरीवर कारणही ठरून गेले होते : ‘इंजिन फेल झालं.’ मीही तेच ठासून सांगितले. यंत्रे दुरुस्त करणाऱ्याला पहिला संशय यंत्राचाच येतो. पुढे चौकशीचे निष्कर्ष वाचनात आले, माझे म्हणणे खोटे ठरले आणि अपघातांचे अहवाल वाचण्याचा नाद लागला. त्या नादातून ध्यानात आलेली एक गोष्ट इथे मांडतो. ती प्रथम उलगडली विमानामुळे नव्हे, एका हलक्या हेलिकॉप्टरमुळे.

इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. वैमानिकाने तत्काळ पात्यांचा कोन कमी केला, तर खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जत्रेतले भिरभिरे वाऱ्याने फिरते, तसेच. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की फिरत्या पात्यांत साठलेला जोर वापरून, कोन पुन्हा वाढवून, यंत्र अलगद टेकवायचे. हे तत्त्व हेलिकॉप्टरच्याही आधीचे. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हाने जानेवारी १९२३ मध्ये ऑटोजायरो उडवला, तो याच बळावर. हा संशोधक डिसेंबर १९३६ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनला दाट धुक्यात वारला, तोही साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात.

या तत्त्वाची सर्वांत मोठी परीक्षा ज्या हेलिकॉप्टरने दिली, त्याचा जन्म भारताच्या गरजेतून झाला. हिमालयातल्या विरळ हवेत चालेल असे हलके, एका इंजिनाचे हेलिकॉप्टर आपल्या सैन्याला हवे होते. त्यासाठी फ्रान्समध्ये ‘लामा’ तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण मार्च १९६९ मधले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते परवान्याने बांधले आणि आपल्याकडे त्याचे नाव झाले ‘चीता’. नाशिकच्या गांधीनगरला लष्कराचे वैमानिक याच चीता आणि चेतकवर शिकले.

२१ जून १९७२ रोजी फ्रान्समधील इस्त्र येथून चाचणी वैमानिक ज्याँ बूले एक हलके केलेले लामा घेऊन एकटाच वर गेला. त्याने १२,४४२ मीटर उंची गाठली. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर! खाली येण्यासाठी त्याने शक्ती कमी करताच त्या कडाक्याच्या थंडीत इंजिन विझले आणि पुन्हा सुरू होईना. बूले तेवढी सगळी उंची बंद इंजिनाने उतरला आणि सुखरूप टेकला. उंचीच्या विक्रमाबरोबर सर्वांत लांब ऑटोरोटेशनचा विक्रमही नकळत त्याच्या नावावर लागला.

तो वाचला, कारण त्याच्या गाठीशी उंची होती. उंची किंवा वेग, दोहोंपैकी एक तरी शिल्लक असेल तर इंजिन गेल्यावरही सावरायला वेळ मिळतो. दोन्ही नसतील, म्हणजे जमिनीपासून थोडेच वर आणि जवळपास स्थिर असताना बिघाड झाला, तर कुशल हातांनाही फारसे काही करता येत नाही. म्हणून प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेग यांचा आलेख असतो आणि त्यात टाळायचा भाग आखून दिलेला असतो.

आता मराठवाड्यात येऊ. २५ मे २०१७ रोजी निलंग्याहून उडालेले मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सगळे बचावले. ते दोन इंजिनांचे सिकोर्स्की होते आणि त्यातले एकही बंद पडले नव्हते. पण मे महिन्याची दुपार, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवरची जागा आणि आत माणसांचे नि इंधनाचे वजन. हवा तापली की विरळ होते. मग पाती कमी उचलतात आणि इंजिनही कमी जोर देते. त्यातच तारा जवळ. इस्त्रला मेलेल्या इंजिनाने माणूस परत आणला, निलंग्यात दोन जिवंत इंजिने कमी पडली.

हेच मला १९९३ कडे परत नेते. त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मध्ये ११८ जण होते. धावपट्टीच्या टोकापलीकडून जाणाऱ्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक आला. विमानाची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्यावर आदळला. पुढे उच्चदाबाच्या तारा लागल्या. ५५ माणसे गेली. चौकशीने दोन गोष्टींवर बोट ठेवले : वैमानिकाने विमान उचलायला केलेला उशीर आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखणे. इंजिनाने मार खाल्ला होता, घात केला नव्हता.

इंजिन कधीच दगा देत नाही, असे मी म्हणणार नाही. देते, आणि एका इंजिनाच्या हलक्या हेलिकॉप्टरला तो महागात पडतो. पण इंजिनाला बोलता येत नाही, म्हणून सगळ्यांचे दोष त्याच्या पदरात टाकणे सोपे असते. ‘तांत्रिक बिघाड’ म्हटले की रस्ता, तारा, वजन, ऊन यांची विचारपूस थांबते आणि निवडणुकीच्या हंगामात पुन्हा एखाद्या शाळेच्या मैदानावर चुन्याने गोल आखला जातो.

त्या दुपारी टपरीवर मी जे ठासून सांगितले, ते ऐकणारे आज कुठे असतील ठाऊक नाही. त्यांच्यासाठी ही उशिरा केलेली दुरुस्ती.