नेमाची फुली

नोव्हेंबर जवळ आला की अमेरिकेतले हरणांचे शिकारी रानाआधी चांदमारीचं मैदान गाठतात. नवा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवलेली रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, बोल्ट काढायचा, नळीतून 25 यार्डांवरचं निशाण मधोमध धरायचं आणि रायफल तसूभरही न हलवता स्कोपचे दोन स्क्रू फिरवत त्यात दिसणारी फुली त्याच निशाणावर आणायची. मग पहिली गोळी. या कामातली फुली आणि स्क्रू, दोन्ही एकाच माणसाकडे जाऊन पोचतात, आणि त्याला ती हवी होती आकाश मोजायला.

विल्यम गॅस्कॉइन हा यॉर्कशरचा तरुण खगोल अभ्यासक. 1640च्या आसपास त्याच्या उघड्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ओढला आणि ताऱ्याच्या प्रतिमेबरोबर तोही स्वच्छ दिसला. गॅलिलिओच्या दुर्बिणीत हे घडलंच नसतं, कारण तिच्या नळीत प्रतिमा तयारच होत नाही. 1611 साली केप्लरने सुचवलेल्या रचनेत ती होते, आणि धागा नेमका तिथेच आला होता. गॅस्कॉइनने पुढे बारीक आट्यांच्या स्क्रूने सरकणारा मायक्रोमीटरही बनवला. 1644 साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. तेव्हा त्याचं वय तिशीच्या आतबाहेर होतं.

अशा धाग्यांची फुली जमीन मोजणीदारांच्या उपकरणांत रुळली. बंदुकीवर यायला मात्र दोनशे वर्षं गेली. 1840च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात युटिकाचा बंदूक कारागीर मॉर्गन जेम्स आणि इंजिनिअर जॉन चॅपमन यांनी जवळपास नळीएवढ्या लांबीचे स्कोप बसवले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतल्या डेव्हिडसनचा स्कोप अमेरिकी यादवीत दक्षिणेच्या नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर दिसतो. पण हे सगळं नाजूक आणि महाग. सामान्य शिकाऱ्याला परवडणारा स्कोप 1930 साली बिल वीव्हरने काढला. त्यात जुळवणीचे स्क्रू स्कोपच्या नळीच्या आतच काम करत.

तरी पाऊस आणि धुकं होतंच. ओरेगनमध्ये मोजणीची उपकरणं बनवणाऱ्या मार्कस लूपोल्डचा एका हरणावरचा नेम काचेवर वाफ धरल्यामुळे हुकला, असं त्याच्या कंपनीत आजही सांगतात. 1947च्या त्याच्या स्कोपमध्ये कोरडा नायट्रोजन भरलेला होता. मोजणीच्या उपकरणांच्या कारखान्यातूनच फुलीला हे संरक्षण मिळावं, हे मला फार योग्य वाटतं.

आजच्या बहुतेक अमेरिकी स्कोपच्या जुळवणीच्या स्क्रूची एक टिकटिक 100 यार्डांवर गोळी पाव इंच सरकवते. 25 यार्डांवर तीच टिकटिक इंचाचा सोळावा भाग. म्हणून जवळच्या निशाणावर गोळी दोन इंच खाली लागली तर 32 टिकटिकी वर जावं लागतं. इथे घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. स्कोप कितीही महाग असो, नळी आणि फुली यांची गाठ पडलेली नसेल तर पोटात गोळी घेऊन हरीण पळतं आणि तासन्‌तास मरत राहतं.

सांभाळून काम करणारे तीन गोळ्यांचा पुंजका पाहतात, एकट्या गोळीवर स्क्रू फिरवत नाहीत. .30-06सारख्या रायफलीचा पुंजका 100 यार्डांवर सुमारे दोन इंच वर ठेवला की 200च्या आसपास गोळी फुलीवर येते. दुसऱ्या दिवशी ते थंड नळीतून एकच गोळी झाडून बघतात, कारण रानात पहिली गोळी थंड नळीतूनच सुटणार असते. ती भलतीकडे गेली तर फुलीला हात लावण्याआधी स्कोपच्या कड्यांचे स्क्रू ढिले नाहीत ना, हे तपासतात.