तरवडीचा ‘दीनमित्र’ आणि आपला फॉरवर्ड

नेवासा तालुक्यातलं तरवडी हे गाव नगर जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नसेल. पण खेड्यातून वर्तमानपत्र काढायची हिंमत आधी कुणी केली, असं विचारलं तर या गावाचं नाव घ्यावंच लागतं. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केलं, आधी सोमठाण्यातून, मग तरवडीतून. वडील कृष्णराव भालेकर. त्यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधू’ काढलेला, म्हणजे खोड घरातलीच! कुलकर्ण्याच्या दप्तरातली लबाडी, सावकाराचं व्याज, गावकुसाबाहेरच्या माणसाचे हाल, यात शहरातल्या बहुतेक पत्रांना बातमी दिसतच नव्हती. मुकुंदरावांना दिसली. १९६७ साली ते गेले, तोवर पत्र चाललं. सत्तावन्न वर्षं.

त्या काळात १८६७ चा छापखान्याचा कायदा होता. प्रत्येक अंकावर मुद्रकाचं, प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण छापणं सक्तीचं. इंग्रजांनी तो केला आपल्यावर नजर ठेवायला, यात शंका नको. पण त्या एका ओळीमुळे वाचकालाही कळायचं की भांडायचं असेल तर कुणाच्या दारात जायचं. चिडलेल्या कुलकर्ण्याला तरवडीची वाट सापडत होती.

आता कोपर्डीकडे या. कर्जत तालुका, १३ जुलै २०१६. शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. मोठ्या माध्यमांनी दखल घ्यायला उशीर केला, हा राग तेव्हा गावोगाव होता. बातमी पेटली ती फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. महिन्याच्या आत, ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मूक मोर्चा निघाला. मुकुंदरावांचं जे म्हणणं होतं, की आमचं आम्ही सांगू, ते शंभर वर्षांनी प्रत्येकाच्या खिशात आलं, असंच वाटलं होतं. मलाही वाटलं होतं.

पण पीडितेचं नाव छापायचं नाही हा कायदा आहे. वर्तमानपत्रं तो पाळत असताना मोबाइलवर मात्र नाव आणि फोटो फिरत राहिले. पुढे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना पाठवता येईल असं ठरवलं. तो मेसेज आधी कुणी लिहिला, त्या माणसाचं गाव कुठलं, हे कोण सांगणार?

इकडे तालुक्याच्या वार्ताहराचं कंबरडं वेगळंच मोडलंय. वाढदिवसाच्या, श्रद्धांजलीच्या जाहिरातींच्या कमिशनवर त्याचं घर चालायचं. ‘भाऊ’ आता स्टेटसला फुकट झळकतात. (जाहिरातवाल्याविरुद्ध तो तेव्हाही लिहीत नव्हताच, उगाच जुनं सगळं सोनं म्हणायला नको.) आता तोच माइक घेऊन यूट्यूबवर आलाय.

परवा आमच्या ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला, ‘आपल्याच शिवारातला’ म्हणून. रात्रीची लाइट होती, तरी उसाला पाणी द्यायला कुणी गेलं नाही. सकाळी कळलं, दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ, दुसऱ्याच जिल्ह्यातला. ॲडमिनला विचारलं तर म्हणाला, “दादा, मला पण पुढून आला होता.”