कायद्याची बातमी आणि घरी शिकवणारा पालक

मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांच्या मोबाईलवर अधूनमधून एक मजकूर फिरतो. शिक्षण हक्क कायदा बदलतोय, घरी शिकवणे बेकायदा ठरणार, आजच सही करा, दहा जणांना पाठवा. काही जण घाबरून सही करतात, काही जण कंटाळून पुसून टाकतात. मूळ मजकूर वाचणारे थोडेच. पण कायद्याच्या बातमीला उत्तर कसे द्यायचे याचा आपल्या चळवळीला दीडशे वर्षांचा अनुभव आहे. तो विसरून चालणार नाही.

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. जोतीराव फुल्यांनी त्यापुढे लेखी निवेदन ठेवले. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, हा हिशेब त्यांनी मांडला आणि किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. लक्षात घ्या, सावित्रीबाईंना घरी शिकवणारा हाच माणूस. घरच्या शिक्षणाचे मोल त्यांना कुणी सांगायला नको होते. तरीही त्यांनी मागितली ती सर्वांसाठी सक्तीची शाळा.

पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्ती हा शब्द आज काहींना जाचक वाटतो. पण ज्यांना हजारो वर्षे शाळेच्या दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी ती सक्ती म्हणजे दार उघडण्याचा हुकूम होता.

आता जतकडे पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी वा सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात होते. पण तेव्हा जत हे डफळ्यांचे संस्थान. मुंबई इलाख्याचा ठराव इथे आपोआप लागू होत नव्हता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. म्हणून बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारायचा: हे कुठे आणि कुणाला लागू आहे?

दुसरी गोष्ट महाडने शिकवली. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने कागदावर तळे खुले केले. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असे नाही, आणि कायदा येणार असे कुणी म्हटले म्हणजे हक्क गेला असेही नाही. मधल्या काळात काय करतो यावर सगळे ठरते. त्याच मार्च महिन्यात बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हा आकडा त्यांनी सभागृहापुढे ठेवला. संतापाला आकड्याची जोड दिली की सरकारला उत्तर द्यावेच लागते.

आजचा कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. पण तसे न करणाऱ्या पालकाला या कायद्यात शिक्षा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, मुक्त विद्यालयही आहे. एवढे माहीत असले तरी निम्मी भीती जाते.

खरी बातमी ओळखायची कशी, ते २०२४ ने दाखवले. ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के जागांतून सूट मिळाली. हा विधिमंडळाचा कायदा नव्हता, नियमातला बदल होता. नियम मूळ कायद्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, याच मुद्द्यावर पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. विधेयक, अध्यादेश, नियम, शासन निर्णय यांतला फरक ज्यांनी ओळखला, त्यांच्यामुळे गरिबांच्या जागा वाचल्या.

आता मुख्य मुद्दा. वर्गात जात विचारली जाते, टोमणे बसतात, म्हणून कुणी पालक मुलाला घरी शिकवत असेल तर त्याचे कारण खरे आहे. त्याला दोष देऊ नये. पण जत तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले महिनोन्‌महिने शाळेबाहेर असतात. त्यांनी घर निवडलेले नाही, त्यांच्यापासून शाळा तुटलेली आहे. उद्या 'पालकांना मोकळीक हवी' अशी सरसकट मागणी आपणच केली, तर तीच मोकळीक दाखवून वस्तीवरची कमी पटाची शाळा बंद करणे सोपे होईल. शिकलेल्या पालकाचे मूल घरी शिकेल. तोडकऱ्याचे मूल फडात राहील.

म्हणून पुढची बातमी आली की आधी मूळ मजकूर मागा. तो कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा. मसुदा असेल तर हरकतीची शेवटची तारीख शोधा. कोणत्या कलमाला हरकत आहे ते लिहा, आपल्या तालुक्यातला आकडा जोडा, पोच घ्या. आणि आपल्या मुलासाठी सवलत मागताना शेजारच्या मुलाची शाळा शाबूत राहील असे वाक्य त्याच निवेदनात घाला. जोतीरावांनी १८८२ मध्ये स्वतःच्या घरापुरते मागितले नव्हते.

जय भीम!