बळीराजा स्मृती धरण

बळीराजा स्मृती धरण हे महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी स्वतः उभारलेले एक लहान धरण आहे. तत्कालीन खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदुळवाडी या गावांतील शेतकरी आणि शेतमजूर, तसेच मुक्ती संघर्ष चळवळीचे कार्यकर्ते यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे काम झाले. नदीपात्रातील मर्यादित वाळू गावाने विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचे, ही या प्रकल्पाची आर्थिक बाजू होती. साठलेल्या पाण्यावर भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा समान हक्क राहील, ही त्याची सामाजिक बाजू. आकाराने किरकोळ असलेले हे धरण समन्यायी पाणीवाटपाच्या चर्चेत आजही उल्लेखिले जाते, ते या दोन निर्णयांच्या सांगडीमुळे.

भौगोलिक परिस्थिती

येरळा ही कृष्णेची उपनदी. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात उगम पावून ती दक्षिणेकडे सांगली जिल्ह्यात येते आणि ब्रह्मनाळ येथे कृष्णेस मिळते. तेथून कृष्णा पुढे सांगली व मिरजेकडे जाते. येरळेचे बहुतेक खोरे पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने नदी पावसाळ्यातील काही आठवडेच वाहते.

सांगली जिल्ह्यात पाण्याची विषमता अगदी जवळजवळच्या गावांतही दिसते. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतील कृष्णाकाठी उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने काही जमिनी क्षारपड होऊन पिकाला निरुपयोगी ठरल्या; त्याच मिरज तालुक्याचा पूर्व भाग मात्र अवर्षणप्रवण आहे आणि म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याकडे डोळे लावून बसतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी पोहोचवले गेले, तेही मिरज स्थानकातून. तेव्हा प्रश्न पाऊस किती पडतो एवढ्यावर संपत नाही. आलेले पाणी कोणाच्या शेतात, कोणत्या पिकासाठी आणि कोणाच्या हक्काने जाते, हेही पाहावे लागते.

चळवळीची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातील अनेक कुटुंबांचा संसार मुंबईच्या कापड गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो लांबत गेल्यावर असंख्य कामगार गावी परतले. गावात दुष्काळ होता. हाताला काम होते ते रोजगार हमीचे, म्हणजे बहुधा खडी फोडण्याचे आणि रस्त्यांचे. संघटनेचा अनुभव घेऊन आलेल्या या कामगारांनी साधाच पण अडचणीचा प्रश्न विचारला: दर दुष्काळात तीच खडी फोडण्यापेक्षा पुन्हा दुष्काळ पडू नये, असे काम का काढले जात नाही?

या असंतोषातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर हे तिच्या प्रमुख नेत्यांपैकी एक. त्यांचे आईवडील, इंदुताई व बाबुजी पाटणकर, १९४० च्या दशकातील साताऱ्याच्या प्रतिसरकारात सहभागी होते. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी या चळवळीबद्दल विस्ताराने लिहिले, तर अभियंते के. आर. दाते यांनी तिला तांत्रिक मार्गदर्शन केले. चळवळीने जमीन, पीक, पाऊस आणि विहिरी यांची माहिती गावकऱ्यांसह गोळा केली व विज्ञान जत्रेसारखे कार्यक्रम घेतले. दुष्काळ हा निसर्गाचा कोप आहे तितकाच तो जमीन व पाणी वापरण्याच्या पद्धतीचाही परिणाम आहे, ही मांडणी त्यातून पुढे आली.

वाळूचा प्रश्न

येरळेसारख्या हंगामी नदीत वाळू हीच एक प्रकारची साठवण असते. पुराचे पाणी वाळूच्या थरात मुरते, प्रवाह आटल्यावरही तेथे टिकून राहते आणि काठच्या विहिरींना पाझर देत राहते. वाळू उपसली की पात्र खोल जाते, पूर थांबत नाही आणि काठच्या जमिनीतील भूजल उलट नदीकडे उतरू लागते. विहिरी कोरड्या पडतात.

महसूल खात्याकडून वाळूचे लिलाव होत. ठेकेदारांचे ट्रक वाळू शहरांतील बांधकामांकडे नेत. रॉयल्टी शासनाकडे आणि नफा ठेकेदाराकडे जाई. ज्यांच्या विहिरी आटत, त्यांच्या वाट्याला यातले काहीच येत नसे. गावकऱ्यांनी ठेकेदारांच्या उपशाला विरोध केला. पुढे त्यांनी मागितले ते असे: वाळूचा अल्प भाग विकण्याचा अधिकार गावाला द्यावा, म्हणजे त्या उत्पन्नातून नदीवर धरण बांधता येईल. नदीतून निघालेली संपत्ती नदीच्याच पुनर्भरणाला लावायची, असा हा व्यवहार होता. वाळू विकून वाळूचा नाश थांबवायचा यात एक अंतर्विरोध आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. उपशावर मर्यादा असेल आणि ती मर्यादा गावाच्या हाती राहील, यावरच त्याचे समर्थन उभे होते.

वाळूविक्री आणि धरण या दोहोंसाठी शासनाची परवानगी मिळवायला आंदोलने करावी लागली. बांधकामाला श्रमदानाची आणि शहरांतील सहानुभूतीदार व विद्यार्थ्यांच्या मदतीची जोड मिळाली.

नाव

बळीराजा हा लोकपरंपरेतील न्यायी कृषक राजा. दिवाळीच्या पाडव्याला ग्रामीण महाराष्ट्रात आजही त्याचे राज्य परत येवो अशी इच्छा व्यक्त केली जाते, आणि जोतीराव फुले यांनी आपल्या लेखनात त्याला शोषितांच्या राज्याचे प्रतीक मानले. सरकारी प्रकल्पांना बहुधा गावाचे किंवा पुढाऱ्याचे नाव लाभते. येथे नावातच पाणीवाटपाची भूमिका आहे.

पाणीवाटपाचे तत्त्व

प्रचलित सिंचनव्यवस्थेत पाणी जमिनीमागे जाते. ज्याची लाभक्षेत्रात दहा एकर जमीन त्याला दहा एकरांचे पाणी. ज्याला जमीन नाही त्याला काही नाही, मग धरणाच्या कामावर दगड त्यानेच वाहिलेले असोत. बलवडी-तांदुळवाडीत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून कुटुंबाशी जोडण्यात आला. भूमिहीन कुटुंबाच्या हाती पाण्याचा वाटा आला की ते दुसऱ्याची जमीन वाट्याने करू शकते. जमीनमालकाला पाण्याची गरज असल्याने सौद्यात त्याची बाजू अगदीच दुबळी राहत नाही.

समान वाटपाला पिकांची शिस्त अपरिहार्य होती. थोडे पाणी सर्वांना द्यायचे तर उसाला जागा उरत नाही. म्हणून ऊस टाळून कमी पाण्यावरील अन्नधान्य, चारा आणि झाडे यांचा आराखडा मांडण्यात आला. झाडोरा, पालापाचोळा आणि चारा यांतून जमिनीला सेंद्रिय द्रव्य परत मिळावे आणि कुटुंबाला इंधन व जोडधंदा मिळावा, हा दाते यांच्या जैवभारावर आधारित शेतीविचाराचा गाभा होता.

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेली पाणी पंचायत हा याचा नजीकचा पूर्वसूरी. तेथेही माणशी पाणी, भूमिहीनांचा वाटा आणि उसाला मनाई ही सूत्रे होती. फरक भांडवलाचा आहे: पाणी पंचायतीत लाभार्थी रोख वाटा उचलत, येरळेवर तो नदीच्या सामायिक संपत्तीतून उभा करण्यात आला. सामायिक संसाधने स्थानिक नियमांनी टिकवता येतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील उदाहरणांवरून १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. येरळेकाठचा प्रयोग त्याच सुमाराचा आहे.

पुढील वाटचाल आणि मर्यादा

नदीत पाणीच न आल्यास लहान धरण काही करू शकत नाही. दोन गावांच्या प्रयोगातून दुष्काळी पट्ट्याचा प्रश्न सुटणार नव्हता आणि चळवळीचे लक्ष कृष्णेच्या पाण्याकडे वळले. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० अब्ज घनफूट पाणी वापरात आणण्यासाठी २००० सालची मुदत जवळ येत होती. १९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडी येथे पाणी परिषद भरली आणि सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील १३ दुष्काळी तालुक्यांना समान पाणी देण्याची मागणी संघटित झाली. टेंभू उपसा सिंचन योजनेचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. पुढे आटपाडी तालुक्यासाठी बंद नळांतून समन्यायी वाटपाचा आराखडाही मांडला गेला.

पाणी आले, तरी त्यासोबत बलवडीचे नियम सर्वत्र आले नाहीत. अनेक टप्प्यांनी उचललेल्या पाण्याला विजेचा मोठा खर्च लागतो आणि ते पोहोचलेल्या भागांत उसाचे क्षेत्र वाढले. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. तथापि सिंचनाचे पाणी आजही प्रामुख्याने लाभक्षेत्रातील जमिनीच्या हिशेबानेच दिले जाते.