चितेचे लाकूड आणि मंजुरीचा कागद

मणिकर्णिका घाटावर चितेचे लाकूड तोलून विकले जाते. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याला मदत त्याच घटकेस हवी असते. त्या तराजूपाशी उभा असताना मला अहिल्याबाई होळकरांची एक व्यवस्था आठवली. या घाटाचा जीर्णोद्धार त्यांनी केला. १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिरही पुन्हा उभारले. दानधर्माचा हा खर्च 'खासगी'च्या उत्पन्नातून होई. दौलतीची तिजोरी निराळी, खासगी निराळी.

१९९५ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा कर्ता गेल्यास एकरकमी साहाय्य मिळते. २०१२ मध्ये ते वीस हजार रुपये झाले. परंतु आधी अर्ज, मग दाखला, चौकशी आणि शेवटी मंजुरी, असा त्याचा क्रम आहे. चौकशी नकोच, असे मी म्हणणार नाही. सार्वजनिक पैशाला हिशेब हवाच. मात्र अंत्यविधीपुरती अल्प रक्कम स्वतंत्र निधीतून आधी द्यावी व तपासणी मागाहून करावी, असे मला वाटते. फाइलला मुदतवाढ मिळते. प्रेताला मिळत नाही.