वल्द, बिन्त आणि सातबारा

जामनेरच्या एखाद्या जुन्या मोहल्ल्यात बुजुर्गांची मजलिस बसलेली असावी आणि कोणी सहज विचारावे, "आपले खानदान मूळचे कुठले?" उत्तरे भराभर येतात. कोणी बऱ्हाणपूर सांगतो, कोणी खुलताबाद, तर कोणी थेट अरबस्तानला जाऊन पोहोचतो. पण दुसरा प्रश्न विचारून पाहा, "तुमच्या पणजीचे नाव काय होते?" मजलिस गप्प होते. पाचशे वर्षांपूर्वीचा पूर्वज आपल्याला पाठ असतो, पण शंभर वर्षांपूर्वी याच गावात चूल पेटवणारी पणजी आपल्याला ठाऊक नसते.

मीही त्याला अपवाद नव्हतो. अब्बांच्या इंतकालानंतर वारसनोंदीसाठी घरातली पत्र्याची पेटी उघडावी लागली. वाळवीने अर्धे खाल्लेले कागद, काही मोडीतले, काही उर्दूत सही केलेले. त्यात एक जीर्ण कागद निघाला. पणजोबांनी बायकोच्या मेहेरच्या बदल्यात राहते घर तिच्या नावे करून दिले होते. त्यात पणजीचे नाव होते आणि तिच्या वडिलांचेही. ज्या नावाचा उच्चार घरात कोणी ऐकला नव्हता, ते नाव एका व्यवहाराच्या कागदाने जपून ठेवले होते.

त्या दिवसापासून जुने कागद वाचण्याचा नाद लागला. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो आहे.

वंशावळ जपण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. खानदेशावर १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य करणारे फारुकी सुलतान स्वतःला हजरत उमर फारूक यांचे वंशज म्हणवत. यांच्यापैकी आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, याने बऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली. तिथे अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख कोरला आहे आणि त्या संस्कृत लेखात फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृतातली मुस्लिम वंशावळ! आपला इतिहास किती सरमिसळीचा आहे याचा याहून चांगला पुरावा कोणता? पण त्या वंशावळीतही बाप आणि मुलगे आहेत. आया आणि लेकी नाहीत.

राजांचे शिलालेख असतात, तसे सामान्यांचे नसतात. त्यांचा इतिहास सापडतो तो खरेदीखतात, गहाणखतात, वसियतनाम्यात आणि फेरफारात. जगभर हेच आहे. अमेरिकेत व्हर्जिनियासारख्या वसाहतींमध्ये इंग्रज अमलात स्थायिक झालेल्या कुटुंबांचे वंशज आज आपली मुळे शोधतात, तेव्हा त्यांचा मोठा आधार मृत्युपत्रे आणि जमिनीचे दस्तच असतात. तिथे नवऱ्याने जमीन विकली तर बायकोचा त्या जमिनीवरचा हक्क सोडवून घ्यावा लागे. कित्येक घरांतल्या बायकोचे नाव केवळ तेवढ्यामुळे कागदावर आले. मेहेरच्या कागदाने आमच्या पणजीचे नाव राखले, ते याच न्यायाने.

आपल्या भागातल्या कागदांची स्वतःची एक भाषा आहे. 'वल्द' म्हणजे मुलगा, 'बिन्त' म्हणजे मुलगी, 'जौजे' म्हणजे बायको. मराठी कागदांत बायकोसाठी 'भ्र.', म्हणजे भ्रतार, किंवा 'मर्द' लिहीत. 'बिन' हा अरबी शब्द तर हिंदू शेतकऱ्यांच्या नावांतही सर्रास दिसतो. पेशवाईतल्या मोडी कागदांवरचे सुहूर सन अरबी आकड्यांत लिहिलेले असतात. 'समान अशर मयातैन व अलफ' म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार, अर्थात १२१८. त्यात साधारण ५९९ मिळवले की इसवी सन १८१७-१८ येते, म्हणजे पेशवाईचे अखेरचे वर्ष. मराठी लिहिणारा कारकून आकडे अरबीत लिहितो आणि महिना रबिलावल सांगतो, यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला पोलिटिकल एजंट म्हणून आला. जामनेरच्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याची मुख्य कचेरी धुळ्यात होती. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण बनले. त्यामुळे त्याआधीच्या कागदाचा माग काढताना केवळ जळगावावर विसंबून चालत नाही, धुळ्याचाही विचार करावा लागतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी कागदांसाठी गावोगाव पायपीट केली आणि १९२६ मध्ये देह ठेवला तो धुळ्यातच, हेही आठवावे.

इंग्रजांनी इनामांची चौकशी सुरू केली. १८५२ चा अकरावा कायदा आला आणि काझी, खतीब, मुजावर अशा इनामदारांना सनदा दाखवाव्या लागल्या, वंशावळी लिहून द्याव्या लागल्या. आज अनेक घराण्यांत मिरवला जाणारा शजरा हा असा सरकारदरबारी हक्क सिद्ध करण्यासाठी तयार झालेला असू शकतो. अशा चौकशीत वजन होते पुरुष वारसाला. मग लेकींची नावे कोण कशाला लिहील? शजऱ्यात लेक नसते, याचे कारण धर्मात शोधू नये. बऱ्याचदा ते कचेरीत सापडते.

कारण धर्माने लेकीला हिस्सा दिलेला आहे. हिशेब करून पाहू. समजा, एक माणूस २४ एकर जमीन ठेवून वारला. मागे बायको, दोन मुलगे आणि तीन मुली. आई-वडील हयात नाहीत, कर्ज नाही, वसियत नाही. बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ३ एकर. उरलेल्या २१ एकरांत मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे मुलांना सहा-सहा आणि मुलींना तीन-तीन एकर. आता हाच हिशेब उलटा वापरता येतो. जुन्या खरेदीखतात एखादी बाई वारसाने आलेला एक अष्टमांश हिस्सा विकताना दिसली, तर ती मयताची विधवा असावी आणि त्याला मुलेबाळे असावीत, असा अंदाज करता येतो. चौथा हिस्सा दिसला तर मूलबाळ नसावे. वंशावळीत जे लिहिले नाही ते अपूर्णांक सांगून जातात!

वसियतनाम्याचेही तसेच. मुसलमानाला एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकतीची वसियत वारसांच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि सुन्नी कायद्यात वारसालाच वसियतीने काही द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणून वसियतीत ज्याचे नाव आहे तो पुष्कळदा वारस नसतो, तर पाळलेला अनाथ असतो, मयत मुलाचा मुलगा असतो, नाहीतर मशीद वा मदरसा असतो. वसियत वाचून 'हा मुलगा असणार' असे ठरवणे म्हणजे फसणे होय. हिबा तर तोंडीही होतो. देणे, स्वीकारणे आणि ताबा, एवढे झाले की पुरे. त्यामुळे रजिस्ट्रार कचेरीत त्याचा पत्ता लागत नाही. तो शोधायचा फेरफारात.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर ही नोंद सुरू झाली. कोण वारला, मागे कोण राहिले, कोणी हरकत घेतली, हे सारे त्यात असते. वारसांची नोंदवही ६-क वेगळी. कोणी मूल लहान असेल तर 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे नाव येते. त्या तीन अक्षरांमागे एका तरुण विधवेची अख्खी जिंदगी असते.

पण याच नोंदींत आपल्या लेकी हरवल्या. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंब नाही. बाप डोळे मिटतो त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा होतो. तरीही कित्येक ठिकाणी थोरल्या भावाचे नाव 'ए.कु.क.', म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, म्हणून लागले आणि बहिणींची नावे गळाली, नाहीतर 'इतर हक्क' या रकान्यात ढकलली गेली. १८२७ च्या रेग्युलेशनने रूढीला धर्मकायद्याच्या आधी जागा दिली होती. १९३७ चा शरियत कायदा आला, पण त्यातून शेतजमीन वगळलेली होती. कायद्याने फट ठेवली आणि आपण तिचा दरवाजा केला.

आमच्याच पेटीत एक हक्कसोड पत्र निघाले. दोन्ही फुफींचे अंगठे त्यावर होते. मोबदला काही नाही, 'राजीखुशीने' असा शब्द मात्र दोनदा लिहिलेला. त्या खरोखर राजी होत्या का, की माहेरचा उंबरठा तुटू नये म्हणून अंगठा उठवला, हे कागद सांगत नाही. मीही कधी विचारले नव्हते. दोघी त्या मातीत गेल्यावर मी तो कागद वाचला, याची खंत आयुष्यभर राहील.

२०१९-२० मध्ये नागरिकत्वाची चर्चा पेटली तेव्हा घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या. जातपडताळणीसाठीही ओबीसी मुस्लिमांना १९६७ पूर्वीचे पुरावे शोधावे लागतात. मग शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुना सातबारा यांच्यासाठी धावपळ होते. भीतीपोटी का होईना, आपण कागदाकडे वळलो. आणि कागद काय सांगतो? आपण इथले आहोत. शेताच्या चतुःसीमेत पूर्वेला पाटलाचे शेत, पश्चिमेला नाला, दक्षिणेला तडव्याचे रान आणि उत्तरेला आपले. साक्षीदारांत हिंदूही आणि मुसलमानही. अरबस्तानचा शजरा खरा असेल वा नसेल, ही चतुःसीमा खरी आहे.

पण जो कागद आपण सरकारला दाखवतो, तोच एकदा स्वतःच्या घरातही वाचावा. 'आम्ही इथले वारस आहोत' असे देशाला सांगणाऱ्याने बहिणीचा वारसा नाकारू नये. वाचकांना एवढीच विनंती की, पेटी उघडा. मोडी जाणणारा माणूस गाठा. बुजुर्ग हयात आहेत तोवर नावे विचारून घ्या, आणि वंशावळ लिहाल तेव्हा वल्दबरोबर बिन्तही लिहा.

आमच्या घरी आता नवी वंशावळ लिहिली आहे. तिची पहिली ओळ पणजीच्या नावाने सुरू होते. आणि अब्बांच्या वारसनोंदीत या खेपेस माझ्या बहिणींची नावे माझ्या नावाशेजारी आहेत, इतर हक्कात नाहीत.